बर्फात पिकअपची पकड कशी वाढवावी

पिकअपचे इंजिन पुढे असते, मागे मोकळा हौदा असतो आणि बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद जाते मागच्या चाकांकडे. म्हणजे गाडी रिकामी असताना ज्या चाकांनी तिला ढकलायचे, त्यांच्यावरच भार कमी पडतो आणि ती बर्फावर जागच्या जागी फिरू लागतात.

हौद्यात वजन टाकण्याआधी टायर पाहावेत, असे माझे ठाम मत आहे. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते, हिवाळी टायरचे मात्र मऊ राहते. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असावे. नुसती ‘एम प्लस एस’ (म्हणजे चिखल आणि बर्फ) अक्षरे पुरेशी नाहीत. असे टायर चारही चाकांना बसवावेत, कारण फक्त मागे बसवल्यास वळताना आणि ब्रेक लावताना पुढची चाके दगा देतात. थंडीत टायरमधली हवा उतरते, म्हणून दाब गाडी थंड असतानाच तपासावा.

आता वजन. मध्यम आकाराच्या रिकाम्या पिकअपला वाळूची एकूण १०० ते १५० किलो वजनाची पोती सहसा पुरतात. गाडीची भारक्षमता ओलांडू नये. पोती नेमकी कुठे ठेवायची, याला फार महत्त्व आहे. ती मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, दोन्ही चाकांच्या मधोमध ठेवावीत. फाळक्याला टेकवून ठेवली तर गाडी तराजूसारखी मागे कलते, पुढच्या चाकांवरचा भार उतरतो आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ पाहते. पोती पट्ट्यांनी घट्ट बांधावीत, कारण जोरात ब्रेक लागल्यावर सुटे वजन थेट केबिनवर येऊन आदळते. वाळू कोरडी असावी. ओली वाळू गोठून दगड होते आणि अडकलेल्या चाकाखाली पसरायला उपयोगी पडत नाही.

फोर-व्हील ड्राइव्हमुळे, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळाल्यामुळे, गाडी जागेवरून सहज निघते, पण ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर त्याने कमी होत नाही, हे विसरणे जिवावर बेतू शकते. ही यंत्रणा साधी, गरजेपुरती जोडायची असेल तर ती कोरड्या डांबरावर वापरू नये. खडा चढ किंवा घट्ट बर्फ असल्यास, नियम परवानगी देत असतील तिथे, टायरवर साखळ्या लावाव्यात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्या मागेच बसतात. थोडे अंतर गेल्यावर थांबून त्या पुन्हा आवळाव्यात आणि वेग उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतच ठेवावा.

गाडी रुतलीच, तर ॲक्सिलरेटर दाबून धरू नये, कारण फिरत्या चाकाखालचा बर्फ वितळून गुळगुळीत होतो. आधी सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढावा, नाहीतर विषारी वायू केबिनमध्ये शिरू शकतो. मग चाकांपुढचा बर्फ उपसून, वाळू टाकून, हलक्या पायाने गाडी पुढे घ्यावी.