बाबांच्या फोनमधले मेसेज आणि लॅपटॉपचं इन्फ्रारेड
बाबांच्या जुन्या फोनमधले मेसेज मला हवेच होते. केबल मिळेना, ब्लूटूथ नाही, फक्त इन्फ्रारेड. जुन्या लॅपटॉपला इन्फ्रारेडची ती काळी काच आहे, पण नव्या लिनक्समध्ये काहीच हालेना. आयआरडीएचा (इन्फ्रारेडने डेटा पाठवायच्या पद्धतीचा) कोड 2018 मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) 4.17 मधून काढूनच टाकलाय! म्हणून 3.16 कर्नलचं डेबियन 8 हे जुनं लिनक्स टाकलं, बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) इन्फ्रारेड चालू केलं. तरी इन्फ्रारेडचा ड्रायव्हर चढेना. इन्फ्रारेडचा पोर्ट साध्या सिरियल पोर्टच्या ड्रायव्हरने आधीच अडवला होता. 'सेटसिरियल' कमांडने त्या पोर्टचा यूएआरटी (सिरियल चिपचा प्रकार) 'नन' केला, म्हणजे पोर्ट मोकळा केला, आणि इन्फ्रारेडचा ड्रायव्हर मुकाट लोड झाला. मग इन्फ्रारेड जोडणी सुरू करणारी 'आयआरअटॅच' कमांड चालवली, फोन वीतभर अंतरावर समोरासमोर ठेवला, पडदा ओढला (उन्हातही इन्फ्रारेड असतं). समोर सापडलेली उपकरणं दाखवणाऱ्या डिस्कव्हरी फाइलमध्ये फोनचं नाव उमटलं. गामू या फोनमधला डेटा काढणाऱ्या प्रोग्रामने मेसेज उतरवले. बाबांनी मला पाठवलेला पहिलाच: 'पोचलास का? जेवून घे.'