ॲपलॉकरमध्ये ‘नॉट कॉन्फिगर्ड’ म्हणजे बंद नव्हे

ऐरोली-महापे पट्ट्यात डेस्कटॉप सपोर्टला लागलात की हे फर्मान कधीतरी येतंच: ‘सगळ्या मशीनवर एनीडेस्क बंद करा.’ (दुरून दुसऱ्याचं मशीन चालवायचं ॲप ते.) जीपीओ (सगळ्या मशीनना एकदम सेटिंग्ज पाठवणारी ग्रुप पॉलिसी) उघडायचा, ॲपलॉकरमध्ये, म्हणजे कोणता प्रोग्रॅम चालेल ते ठरवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, एक डिनाय (मनाईचा) रूल टाकायचा, झालं! थांबा. असं केलंत तर अख्खा फ्लोअर बंद पडेल.

ॲपलॉकरमध्ये एक्झिक्युटेबलचा (.exe सारख्या प्रोग्रॅम फाइलचा) एक जरी रूल आला, तरी ज्याला परवानगी लिहिलेली नाही ते सगळं अडतं. एकटा डिनाय रूल टाकला की एनीडेस्कसोबत एक्सेल, टॅली, नोटपॅडही आडवे. पहिला रूल बनवताना विझार्ड विचारतो, डीफॉल्ट रूल्स बनवू का? घाईत ‘नो’ दाबू नका. त्या तीन रूल्समुळे प्रोग्रॅम फाइल्स आणि विंडोज ही फोल्डर्स सर्वांना मोकळी होतात, ॲडमिनला सगळंच. पॅकेज्ड ॲप्सचेही (स्टोअरसारख्या ॲप्सचेही) डीफॉल्ट रूल्स टाका, नाहीतर सेटिंग्जसुद्धा उघडणार नाही.

आता खरी गोम. एन्फोर्समेंट (रूल लागू करायची सेटिंग) ‘नॉट कॉन्फिगर्ड’ आहे, म्हणजे अजून काही लागू नाही, असं वाटतं. साफ चूक! आत रूल असतील तर ते लागू होतात. नुसतं बघायचं असेल तर प्रॉपर्टीजमध्ये टिक करून ‘ऑडिट ओन्ली’ निवडा, आणि तेही रूल लिहिण्याआधी. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ८००३ हा नंबर शोधा: ‘अडवलं असतं’ अशांची ती यादी. खरंच अडवलेल्याचा नंबर ८००४. ऑडिट महिनाअखेर ओलांडेपर्यंत चालू द्या. पगार आणि जीएसटीची टूल्स रोज कुणी उघडत नाही.

८००३ मध्ये युझरच्या ॲपडेटा फोल्डरमधून चालणारी कामाची ॲप्स हमखास सापडतील. त्यांना पब्लिशर रूल (बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही बघणारा) द्या. अख्खं ॲपडेटा पाथ रूलने (फाइलची जागा बघणाऱ्या) मोकळं करणं म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच अडकवणं. एनीडेस्कलाही पब्लिशर रूलच: हॅश (त्या एकाच फाइलचा ठसा) पुढच्या अपडेटला निकामी, पाथ फाइल हलवली की फुकट.

सीनिअरने दिलेली रूल्सची जुनी एक्सएमएल फाइल इम्पोर्ट करू नका. ती आधीचे रूल्स पुसून बसते.

काहीच अडत नसेल तर ॲपलॉकर जिच्यावर चालतं ती ॲप्लिकेशन आयडेंटिटी सर्व्हिस बंद असेल. ती जीपीओनेच ऑटोमॅटिक करा, विंडोज १० पासून सर्व्हिसेसच्या खिडकीतून ते होत नाही.

आणि फ्लोअर अडकलाच, तर घाबरू नका. त्या जीपीओबाहेरच्या मशीनवरून रूल दुरुस्त करा. क्लायंट, म्हणजे फ्लोअरवरची मशीन, स्वतःच ९० ते १२० मिनिटांत नवी पॉलिसी उचलतात. रीस्टार्ट केलेत तर लगेच.