धंदा अडचणीत आलाय? इंदुरात दिवाळखोरी आणि बिझनेसचा चांगला वकील कसा शोधायचा

सीसी लिमिट (बँकेच्या कॅश क्रेडिटची मर्यादा) फुल झालीये, दोन सप्लायरचे चेक बाउन्स झालेत, आणि आता बँकेचं जाडजूड पाकीट रजिस्टर्ड पोस्टाने घरी आलंय. अशा वेळी सियागंज असो, एमटी क्लॉथ मार्केट असो की सांवेर रोडची फॅक्टरी, आपले लोक पहिल्यांदा काय करतात तर पाकीट कपाटात ठेवतात आणि घरात कोणाला बोलत नाहीत. मग दोन-तीन महिन्यांनी पाणी डोक्यावरून गेलं की ओळखीच्या वकिलाकडे धावतात, तोच वकील ज्याने कधीतरी घराची रजिस्ट्री करून दिली होती. माणूस चांगला असतो, पण हे काम त्याचं नसतं. म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो की चांगला वकील कोण हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे, आपली केस नक्की कोणत्या कोर्टात जाणार हा पहिल्या नंबरचा, आणि ते एकदा कळलं की वकील शोधणं अर्धं सोपं होऊन जातं.

पहिली पायरी, आपला धंदा कागदावर काय आहे ते बघा

प्रोप्रायटरशिप आहे, पार्टनरशिप आहे, एलएलपी आहे की प्रायव्हेट लिमिटेड? जीएसटी सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं, नाहीतर सीए साहेबांना एक फोन करा. हे एवढं महत्त्वाचं का, तर २०१६ चा जो दिवाळखोरीचा नवा कायदा आहे, ज्याला सगळे आयबीसी म्हणतात, तो प्रत्यक्षात कंपनी आणि एलएलपीसाठी चालतो. त्यातला साध्या प्रोप्रायटर आणि पार्टनरशिप फर्मचा भाग सरकारने अजून लागूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून एवढंच झालं की कंपनीच्या कर्जाला ज्यांनी स्वतःची गॅरंटी दिलीये ते लोक त्यात आले. म्हणजे राजवाड्याजवळ कपड्याचं दुकान एकट्याच्या नावावर चालवणारा माणूस एनसीएलटीत (कंपन्यांच्या केस चालतात ते ट्रिब्युनल) जाऊन स्वतःचं दिवाळं जाहीर करू शकत नाही. त्याच्यासाठी अजूनही १९२० चा जुना प्रांतीय दिवाळखोरी कायदा आहे आणि अर्ज जातो जिल्हा कोर्टात. तिथून सुटका झाली तरी सरकारी देणं आणि फसवणुकीतून झालेलं देणं माफ होत नाही, हे पण लक्षात ठेवा. कोणी प्रोप्रायटरला सांगत असेल की आयबीसीत टाकतो, सगळं कर्ज साफ, तर त्या माणसाने तुमचे कागद उघडूनही बघितलेले नाहीत असं समजा.

दुसरी पायरी, हातात कोणता कागद आलाय

बँकेची सरफेसी कायद्यातली (हा कायदा बँकेला तारण ताब्यात घेऊन वसुली करू देतो) १३(२) ची नोटीस असेल तर पैसे भरायला ६० दिवस असतात. त्या ६० दिवसांत लेखी हरकत देता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हे फार लोक वापरतच नाहीत. खात्याचा हिशेब चुकीचा आहे, व्याज जास्त लावलंय, तारण शेतजमीन आहे (शेतजमिनीला हा कायदा लागत नाही), असं काहीही असेल ते याच वेळी लिहून द्यायचं असतं. त्यानंतर बँक ताबा घेते, आधी बहुतेक कागदावरचा, पेपरात जाहिरात येते, आणि तिथून ४५ दिवसांच्या आत डीआरटीत (बँकांच्या कर्जवसुलीचं ट्रिब्युनल) जावं लागतं. आपल्या मध्य प्रदेशचं डीआरटी जबलपूरला आहे. म्हणजे इंदुरच्या वकिलाला विचारायचा अगदी साधा प्रश्न, की जबलपूर डीआरटीत तुमचं काम चालतं का, तिथे पेशीला (सुनावणीला) कोण उभं राहतं, तुम्ही स्वतः की तिथला कोणी साथीदार, आणि त्या साथीदाराची फी वेगळी का.

चेक बाउन्सचं असेल तर कलम १३८ लागते. तिथे नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर केस उभीच राहत नाही, त्यामुळे ते १५ दिवस सोन्यासारखे आहेत आणि चर्चेत घालवायचे नाहीत. ही केस मॅजिस्ट्रेट कोर्टात चालते, इथे रोज फौजदारी काम करणारा वकील हवा, कंपनी कायद्याचा मोठा जाणकार नाही.

कंपनी असेल आणि एखाद्या सप्लायरने आयबीसीची डिमांड नोटीस पाठवली असेल तर फक्त १० दिवस. या १० दिवसांत एकतर पैसे द्यायचे नाहीतर आधीपासून वाद होता हे पुराव्यानिशी कळवायचं, जसं की खराब मालाचे मेल, डेबिट नोट. डिफॉल्टची रक्कम कमीत कमी १ कोटी हवी, मार्च २०२० पर्यंत ती १ लाख होती. कंपनीची ही केस एनसीएलटीच्या इंदूर बेंचकडे जाते, आणि निर्णय विरोधात गेला तर दिल्लीच्या अपील ट्रिब्युनलमध्ये जायला ३० दिवस मिळतात, वर फार तर १५.

या सगळ्या तारखा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि पाकिटं सांभाळून ठेवा, पोस्टाचा शिक्का असलेलं कव्हर पण, कारण कधी मिळालं यावरच पुष्कळदा वाद होतो.

फाइल

वकिलाकडे रिकाम्या हाताने गेलात तर पहिली भेट गप्पांतच जाते. सॅंक्शन लेटर, गॅरंटीचे कागद, मागच्या ३ वर्षांचं बॅलन्स शीट, बँक स्टेटमेंट, जीएसटी रिटर्न, आलेल्या सगळ्या नोटिसा आणि एक यादी, कोणाला किती द्यायचंय, कोणाकडून किती यायचंय. यादीत नातेवाइकांची उधारी पण लिहा, काकांकडून घेतलेले, सासऱ्यांकडून घेतलेले, सगळे. उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर त्याची कॉपी नक्की लावा, कारण छोट्या उद्योगांसाठी २०२१ पासून प्री-पॅक नावाचा वेगळा रस्ता आहे. तो १० लाखांच्या डिफॉल्टपासून खुला होतो आणि त्यात कंपनीचा कारभार मालकांच्या हातात राहतो, पण बँकांची मोठी संमती लागते, त्यामुळे बँकेशी बोलणं तुटलेलं नसेल तोवरच त्याचा उपयोग.

आता नावं कुठून मिळवायची

बोर्ड आणि जाहिरात बघून तर अजिबात नाही, कारण बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करायची परवानगीच नाही. आपल्या सीएला विचारा, कंपनी सेक्रेटरीला विचारा, बाजारात ज्याची अशी केस होऊन गेलीये त्याला बाजूला घेऊन विचारा (लाजतात लोक, पण मदत करायला तयार असतात). आणि मग नाव मिळालं की स्वतः तपासा. एनसीएलटीच्या साइटवर, ई-कोर्ट्सवर, हायकोर्टाच्या साइटवर कॉज लिस्ट (त्या दिवशीच्या केसची यादी) आणि ऑर्डर सगळ्यांना दिसतात, वकिलाची नावं त्यात असतात. मागच्या वर्षभरात ज्याचं नाव तुमच्या कामाच्या कोर्टात कुठेच दिसत नाही त्याला अनुभवी म्हणू नका, मग केबिन कितीही मोठी असो. सनद बार कौन्सिलची आहे की नाही हे तर बघायचंच.

इथे एक घोळ खूप होतो तो सांगून टाकतो. इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल आणि वकील हे दोन वेगळे लोक. प्रोफेशनल हा आयबीबीआयकडे (दिवाळखोरीचं नियामक मंडळ) रजिस्टर असतो आणि केस ॲडमिट झाल्यावर, म्हणजे ट्रिब्युनलने ती स्वीकारल्यावर, कंपनी चालवायला बसतो, तो तुमची बाजू मांडायला नसतो. एनसीएलटीत सीए आणि सीएस पण उभे राहू शकतात, आणि साध्या कामाला ते पुरतात. पण मामला फौजदारी, गॅरंटी, हायकोर्ट असा पसरणार असेल तर वकीलच करा. अजून एक कारण आहे, तुम्ही वकिलाला जे सांगता ते गुप्त ठेवणं त्याच्यावर कायद्यानेच बंधन आहे, सल्लागार म्हणवणाऱ्या प्रत्येकाला हे लागू नाही.

पहिल्या भेटीत

दोघा-तिघा वकिलांना भेटा, सल्ल्याची फी द्या, ती वाया जात नाही. आणि हे प्रश्न विचारा, उत्तरं तुम्हाला माहीत नाहीत म्हणून नाही, तर समोरच्याला माहीत आहेत का हे कळावं म्हणून.

विचारा की कंपनीला मोरेटोरियम (दिवाळखोरीची केस चालू असताना वसुलीवर येणारी स्थगिती) मिळाला तर माझ्यावरची चेकची केस थांबेल का. बरोबर उत्तर असं की कंपनीविरुद्धची थांबते, चेकवर सही करणाऱ्या डायरेक्टरवरची थांबत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलंय. विचारा की सरफेसीच्या कारवाईवर सिव्हिल कोर्टातून स्टे आणाल का. जो पटकन हो म्हणेल त्याच्याकडून उठा, कारण अशा बाबतीत सिव्हिल कोर्टाचा रस्ता कायद्यानेच बंद केलाय, अगदी थोडे अपवाद सोडून. विचारा की कंपनीने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला तर माझ्या हातात काय राहील. चांगला वकील न विचारता सांगतो की केस ॲडमिट झाल्या दिवशी कारभार तुमच्या हातातून जातो, आणि वेळेत कंपनी वाचवायचा कोणाचा प्लॅन पास झाला नाही तर कंपनी विकायला निघते.

आणि गॅरंटी! हे घरी फार उशिरा कळतं. कर्ज घेताना बायकोची, वडिलांची, भावाची सही गॅरंटर म्हणून घेतलेली असते, त्यांना वाटतं नुसती औपचारिकता. बँक आधी कंपनीकडून वसूल करून मगच गॅरंटरकडे येईल असं काही बंधन बँकेवर नाही, ती सरळ गॅरंटरकडे येऊ शकते. कंपनीचा प्लॅन मंजूर झाला म्हणून गॅरंटर आपोआप सुटतो असंही नाही. त्यामुळे वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा की गॅरंटरसाठी काय, आणि दोघांचं हित वेगळं पडत असेल तर घरातल्यांसाठी वेगळा वकील करायला तो स्वतः सांगतो का. दोन भाऊ पार्टनर आहेत आणि आपसात धुसफूस आहे, अशा वेळी एकाच वकिलाने दोघांना सांभाळणं कोणाच्याच भल्याचं नाही.

मग तुम्हीही त्याला खरं सांगा. कॅशमधली उधारी, नातेवाइकाला आधी फेडलेले पैसे, विकलेली मशीन, सगळं. कंपनीच्या केसमध्ये नातेवाइकांशी झालेले व्यवहार मागची २ वर्षं आणि बाहेरच्यांशी झालेले १ वर्ष उकरून काढतात, आणि ते कोर्टात दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर तुमचा वकील काहीच करू शकत नाही.

कोणापासून लांब राहायचं

घर बायकोच्या नावावर करून टाका, असं सांगणारा. घेणेकऱ्यांना चुकवायला केलेला नावबदल कोर्ट रद्द करू शकतं, आणि वर फसवणुकीचा डाग लागतो तो त्या बाईलाही. केस जिंकली तर इतके टक्के द्या म्हणणारा, कारण निकालावर ठरलेली फी वकिलांना नियमाने घेताच येत नाही. बँकेचा मॅनेजर आपला आहे म्हणणारा. आणि मोबाइलवर येतात ते, ईएमआय बंद करा, आम्ही अर्ध्यात सेटल करून देतो, आधी आमची फी भरा. ते बहुतेक वकील नसतात, तुमचं खातं एनपीए (थकीत) होतं, आणि वन टाइम सेटलमेंट हा तुमचा हक्क नाही हे सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय, द्यायचं की नाही हे बँक ठरवते. सेटलमेंट झालीच तर बँकेच्या लेटरहेडवर लेखी घ्या, तोंडी शब्दावर एक रुपया भरू नका.

फी

लाजू नका, सुरुवातीलाच लेखी घ्या, एक साधा मेल पण चालेल. पेशीप्रमाणे की पूर्ण केसची, ड्राफ्टिंग वेगळं का, जबलपूर-दिल्लीचा खर्च कोणाचा, सीनियर उभे करावे लागले तर त्यांचं कोण देणार. सरकारी फी वेगळी असते, एनसीएलटीत कंपनीच्या स्वतःच्या अर्जाला किंवा बँकेच्या अर्जाला २५,००० रुपये, सप्लायरच्या अर्जाला २,०००, त्यामुळे कोर्ट फीच्या नावाखाली लाखभर मागितले तर पावती मागा. पैसे बँकेतून द्या. धंद्यावर जीएसटी असेल तर वकिलाच्या फीवरचा जीएसटी बहुतेक तुम्हालाच रिव्हर्स चार्जमध्ये (वकिलाऐवजी थेट सरकारला) भरावा लागतो, सीएला आधीच सांगून ठेवा. ज्यांना खरोखर परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं, बायकांना तर तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, दुकान बायकोच्या नावावर असेल तर हे विसरू नका.

दिवाळं तुमच्या गिऱ्हाईक कंपनीचं निघालं असेल आणि तुमचे पैसे अडकले असतील तर एवढा खटाटोप लागतच नाही. पेपरात जाहीर सूचना येते, त्यात क्लेम द्यायची शेवटची तारीख असते, साधारण १४ दिवसांची. बिलं, लेजर लावून फॉर्म भरायचा, त्याला फी नाही आणि सीए पण करून देतो.

वकालतनामा सही केल्यावर

कोऱ्या कागदावर सही नाही. दाखल केलेल्या प्रत्येक गोष्टीची कॉपी मागा, केस नंबर घ्या, आणि पुढची तारीख स्वतः ऑनलाइन बघत राहा, मुलगा किंवा भाचा मोबाइलवर लावून देईल. ज्युनियरशी बोला, रोजचं काम तोच बघतो, पण मोठा निर्णय असेल तेव्हा ज्याला बघून केस दिली त्यालाच भेटा. आणि दोन-तीन पेशी कोणी उभंच राहिलं नाही, फोन उचलत नाहीत, तर वकील बदलायचा तुम्हाला हक्क आहे. फी बाकी आहे म्हणून वकील तुमची फाइल अडकवून ठेवू शकत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच हे ठरवलंय. लेखी कळवा, फाइल परत घ्या, नव्या वकिलाचा वकालतनामा पुढच्या पेशीच्या आत दाखल करा.