मिऑसिस शिकताना या चुका टाळा

ठाण्यात बारावीच्या आणि एफवायच्या मुलांना बायोलॉजी शिकवते. पेपर पॅटर्न बदलले, मिऑसिसमधल्या चुका मात्र त्याच. मिऑसिस म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणारं पेशीविभाजन, बीजांडं, पराग वगैरे त्यातूनच बनतात.

पहिला मान ‘क्रॉसिंग ओव्हर म्हणजे म्युटेशन’ या वाक्याला. अरे बाबांनो, आईकडून आलेलं एक आणि बाबांकडून आलेलं एक अशी दोन जोडीदार गुणसूत्रं शेजारी येतात आणि सारख्याच जागचे तुकडे अदलाबदल करतात. जनुकं तीच राहतात, कोण कुणाशेजारी बसलंय तेवढं बदलतं. म्युटेशनमध्ये मूळ मजकुरातच फरक पडतो. यावर एखादं चलाख पोर विचारतंच, “मॅडम, जोडी सरळ लागलीच नाही तर?” तर मात्र गडबड. एका गुणसूत्राला तुकडा जास्त, दुसऱ्याला कमी, आणि हे म्युटेशनच. फळमाशीच्या ‘बार’ म्हणजे अरुंद, पट्टीसारख्या डोळ्यात असंच होतं हे जनुकशास्त्रज्ञ स्टर्टेव्हंटने १९२५ साली दाखवलं. अल्फा थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारात जनुक गळतं, तेही बऱ्याचदा याच घसरण्यामुळे.

दुसरी चूक आकृतीतली. अख्खी आकृती एकाच पेन्सिलीने काढायची आणि अदलाबदल सिस्टर क्रोमॅटिडमध्येच, म्हणजे एकाच गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रतींमध्येच दाखवायची. माझ्या पर्समध्ये लाल आणि पिवळी लोकर असते, एक रंग आईच्या गुणसूत्राचा, एक बाबांच्या. प्रत्येक रंगाचे दोन धागे घेऊन मध्ये गाठ मारायची. लाल धाग्याचा तुकडा लालच धाग्याला लावून दाखव म्हटलं, की पोरगं स्वतःच हसतं. रील बघून मिऑसिस ‘एका मिनिटात’ शिकलेल्यांना हे पोरखेळ वाटतं. वाटू दे.

आता माझी फजिती. नेरूळच्या एका कॉलेजात प्रॅक्टिकल घ्यायला गेले होते. कांद्याचे डेंगळे मिळाले नाहीत, म्हणून आवारातल्या ऱ्हिओच्या कळ्या घेतल्या. प्रत्येक सोसायटीच्या कुंपणाशी असतो तो, पानं खालून जांभळी, होडीसारख्या आवरणात पांढरी फुलं. गुणसूत्रं बारा, म्हणजे सहा जोड्या दिसायला हव्यात. मुलीने स्लाइड दाखवली तर टोकाला टोक लागलेली माळच. मी म्हटलं, नीट दाबली नाहीस. दुसरी स्लाइड, तिसरी स्लाइड, तेच. चार स्लाइड्स बेसिनमध्ये धुऊन टाकल्यावर परतीच्या लोकलमध्ये डोक्यात प्रकाश पडला. ऱ्हिओत वेगवेगळ्या गुणसूत्रांचे तुकडे फार पूर्वीच एकमेकांत बदलून गेलेत. त्यामुळे कुणालाच पूर्ण जोडीदार उरलेला नाही, एक टोक याच्याशी जुळतं, दुसरं त्याच्याशी, आणि सगळ्यांचं कडं किंवा साखळी होते. सकाळी फळ्यावर ज्या म्युटेशनवर मी तावातावाने बोलले होते, तेच दुपारी मायक्रोस्कोपखाली होतं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला फोन करून सांगितलं, “अगं, तुझंच बरोबर होतं.”

कळीचं मात्र ऐका. फुलायला आलेली टपोरी कळी घेऊ नका, तिच्यात पराग तयार होऊन बसलेले असतात. तांदळाच्या दाण्याहून लहान कळी घ्या. तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशिअल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, त्यात २४ तास बुडवून ठेवा. “मॅडम, तासाभरात नाही होणार?” नाही होणार.

कांद्याच्या मुळाच्या टोकात मिऑसिस शोधू नका, तिथे फक्त मायटॉसिस, म्हणजे गुणसूत्रं तेवढीच ठेवणारं साधं पेशीविभाजन.

अदलाबदल पॅकिटीन या मिऑसिसच्या टप्प्यात होते, तिच्या खुणा म्हणजे कायझ्माटा दिसतात त्यापुढच्या टप्प्यात, डिप्लोटीनमध्ये. दोन्ही एकाच खोक्यात कोंबलंत की मार्क गेले.

नर फळमाशीत क्रॉसिंग ओव्हर होतच नाही. एमसीक्यूवाले इथेच गंडवतात.

आणि डाउन सिंड्रोमचं कारण क्रॉसिंग ओव्हर असं सरळ लिहू नका. तिथे २१ क्रमांकाची जोडी वेळेवर विलग होत नाही, बहुतेक वेळा आईच्या बीजांडात. मुलगी जन्मायच्या आधीच तिची बीजांडं डिप्लोटीनपर्यंत येऊन थांबलेली असतात, पुढे काही वर्षांनी, काही तर चाळिशीत कामाला लागतात.