हिवाळी हवामानाचा अंदाज कसा वाचावा आणि कसा पडताळावा : कोल्हापूर जिल्ह्यापुरते काही

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने कोल्हापूर जिल्ह्यात हातघाईचे असतात. ऊसतोड चालू असते, गुऱ्हाळघरांची चुलवाणे पेटलेली असतात, शाळू कणसावर येत असतो आणि हरभरा घाटे धरत असतो. अशा दिवसांत अवकाळीची एक मोठी सर आली, तरी उघड्यावर वाळत घातलेले चिपाड भिजते. भिजल्या चिपाडाने चुलवाणाला आच लागत नाही, काहिलीतला रस रेंगाळत उकळतो आणि गूळ काळपट पडतो. शेताच्या वाटेला चिखल झाला की उसाने भरलेली ट्रॉली जागची हलत नाही, आणि तोडकऱ्यांच्या खोप्यांत पाणी शिरते ते वेगळेच. म्हणून पावसाळ्यापेक्षाही हिवाळ्याचा अंदाज नीट वाचता येणे आपल्याकडे जास्त गरजेचे आहे, असे माझे मत आहे. पावसाळ्यात पाऊस गृहीतच धरलेला असतो, हिवाळ्यात तो कोणीच धरलेला नसतो.

थंड देशांत हिवाळ्यातले तीव्र हवामान म्हणजे हिमवादळ. आपल्याकडे त्याची तीन रूपे आहेत : थंडीची लाट, गारपिटीसह किंवा गारपिटीशिवाय येणारा अवकाळी पाऊस, आणि नदीकाठचे दाट धुके. या तिघांचा अंदाज सारख्याच खात्रीने देता येत नाही, ही गोष्ट सर्वांत आधी मनात पक्की करावी.

थंडीच्या लाटेचा अंदाज तुलनेने सोपा असतो, कारण ती फार मोठ्या प्रदेशावरच्या हवेच्या हालचालीतून येते. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात काश्मीर आणि हिमाचलात बर्फ टाकून पुढे सरकले, की त्यांच्यामागून उत्तरेचे कोरडे, गार वारे महाराष्ट्रापर्यंत उतरतात. ही साखळी चार-पाच दिवस आधी दिसू शकते. अवकाळी पावसाची शक्यता दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येते, पण ती एखाद्या भागापुरती असते, एखाद्या गावापुरती नसते. गारांचा पट्टा पुष्कळदा काही किलोमीटरच रुंद असतो, म्हणून नेमकी कोणत्या शिवारात गार पडेल हे आदल्या दिवशी कोणालाही सांगता येत नाही. ते ढग उभे राहिल्यानंतर, काही तास आधीच कळते. धुक्याचे बहुतेक गणित आदल्या संध्याकाळी जुळते : आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवेत ओल असेल, तर पहाटे पंचगंगेच्या काठी धुके धरण्याची शक्यता चांगलीच असते.

अंदाज देणाऱ्यांची कामगिरी एकंदरीत सुधारत आली आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. गेल्या काही दशकांत दर दहा वर्षांमागे साधारण एका दिवसाची भर पडली, म्हणजे जी खात्री पूर्वी तीन दिवसांच्या अंदाजाला होती ती दहा वर्षांनी चार दिवसांच्या अंदाजाला आली. मार्च १९९३ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागाला झोडपणाऱ्या प्रचंड हिमवादळाची चाहूल तिथल्या हवामानशास्त्रज्ञांनी सुमारे पाच दिवस आधी दिली होती, आणि ती खरी ठरली. उलट जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहरात दोन फूट किंवा त्याहून जास्त बर्फ पडेल असे सांगितले गेले, शहराचे व्यवहार थांबवले गेले, आणि सेंट्रल पार्कमध्ये प्रत्यक्षात १० इंचांहून किंचित कमी बर्फ पडले. त्याच वादळाने बॉस्टनला मात्र दोन फुटांवर बर्फ टाकले. वादळ खोटे नव्हते. त्याची कड अपेक्षेपेक्षा थोडी पूर्वेला सरकली आणि न्यूयॉर्क नेमके त्या कडेवर होते. आपल्याकडचे उदाहरण ओखी चक्रीवादळाचे आहे. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी ते कन्याकुमारीजवळ इतक्या झपाट्याने तीव्र झाले की अनेक मच्छीमार तोवर समुद्रातच होते. तेच वादळ वळून महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्याकडे येईल हे मात्र आधी सांगता आले आणि ५ डिसेंबरला मुंबईत पाऊसही झाला, परंतु गुजरातच्या किनाऱ्याशी पोहोचेपर्यंत त्याचा जोर ओसरला होता. वाट बरोबर सांगितली जाते आणि ताकद चुकते, असे पुष्कळदा होते.

अंदाजातले शब्द

पहिला शब्द ‘मध्य महाराष्ट्र’. हवामान विभागाच्या वाटणीत कोल्हापूर या उपविभागात येते, पण त्याच उपविभागात नाशिक, जळगाव आणि अहिल्यानगरही आहेत. ‘मध्य महाराष्ट्रात थंडीची लाट’ अशी बातमी आली म्हणजे बहुतेक वेळा ती निफाड आणि जळगावच्या बाजूची असते. कोल्हापुरात त्या दिवशी पहाटे स्वेटर पुरेसा होतो, आणि लोक म्हणतात अंदाज चुकला. म्हणून उपविभागाच्या बातमीवर न थांबता जिल्हानिहाय तक्ता उघडावा, आणि त्यातही कोल्हापूरचा घाट विभाग वेगळा दिला असेल तर तो वेगळाच वाचावा. गगनबावडा आणि शिरोळ एका जिल्ह्यात असले तरी एका हवामानात नाहीत.

‘थंडीची लाट’ या शब्दालाही ठरलेले माप आहे. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेले पाहिजे आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असले पाहिजे. सरासरीपेक्षा ६.४ अंशांहून अधिक घसरण झाली तर ती तीव्र लाट. किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली गेले तर सरासरी न पाहताही लाट मानतात. आपल्याला हुडहुडी भरली म्हणजे लाट आली असे नव्हे.

‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द सर्वांत जास्त गैरसमज करतो. त्याचा अर्थ असा की त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर चौथ्या हिश्श्याच्या ठिकाणी पाऊस होईल. ‘काही ठिकाणी’ म्हणजे साधारण २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५, आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. चार गावांपैकी एका गावात पाऊस झाला तर ‘तुरळक’चा अंदाज पूर्ण बरोबर आला, पण उरलेल्या तीन गावांच्या चावडीवर तो चुकलाच अशी चर्चा होते. रंगांचेही तसेच आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना घटनेची शक्यता आणि तिचा संभाव्य परिणाम दोन्ही पाहतात, म्हणून यलो अलर्टचा अर्थ ‘थोडा पाऊस’ असा लावू नये.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. १२ तारखेच्या रात्री अकराला सर आली तर ती १३ तारखेच्या सकाळच्या नोंदीत दिसते. हे माहीत नसले की पडताळणीत एक दिवसाचा घोळ होतो आणि चांगला अंदाजही खोटा भासतो.

वही घालावी

आता मुख्य काम. एक साधी शंभर पानी वही घ्यावी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून रोज सकाळी साडेआठला पाच मिनिटे द्यावीत. अंदाजाचा स्रोत एकच ठरवावा, मग ते हवामान विभागाचे ‘मौसम’ ॲप असो, शेतीसाठीचे ‘मेघदूत’ असो किंवा दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारे कृषी हवामान पत्रक असो. आज एक, उद्या दुसरे असे केले की वहीतून कोणाबद्दलच काही कळत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारे, तारीख नसलेले नकाशे वहीत घेऊ नयेत. आजचा अंदाज, परवासाठी दिलेला अंदाज आणि काल प्रत्यक्ष घडले ते, एवढे तीन रकाने पुरेत. परवाचा अंदाज परवा लिहायचा नाही, तो आजच लिहायचा. मागाहून आठवून लिहिलेल्या अंदाजात आपले मन नकळत दुरुस्ती करते.

पाऊस मोजण्यासाठी सरळ उभ्या भिंतीचा डबा आणि पट्टी चालते. बुडाला निमुळता होणारा डबा घेतला की माप फसते. डब्यात साचलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये वाचावी, कारण एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. डबा झाडापासून आणि पत्र्याच्या पन्हाळीपासून दूर, उघड्यावर ठेवावा. तापमापक भिंतीला टांगू नये, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री उष्णता सोडत राहते. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीत आणि वारा खेळता राहील अशा जागी तो असावा. निरभ्र, शांत रात्री गवताच्या पातीजवळचे तापमान या उंचीपेक्षा काही अंशांनी खाली जाते, आणि गार हवा जड असल्याने ओढ्याकाठच्या खोलगट रानात साचते. म्हणून ॲपवर १३ अंश असताना तुमच्या खालच्या पट्टीतल्या भाजीला त्याहून कडक गारठा लागू शकतो. तिथे दुसरा तापमापक ठेवून हा फरक एकदा मोजून घेतला, की पुढे दरवर्षी तो अंदाजातून वजा करता येतो.

वहीत एक चौथा रकाना मी आवर्जून ठेवतो : संध्याकाळचा वारा. त्यासाठी यंत्र लागत नाही. गुऱ्हाळघराच्या धुराड्यातून निघणारा धूर बघावा. थंडीच्या कोरड्या दिवसांत ईशान्येच्या वाऱ्याने तो गगनबावडा-राधानगरीच्या बाजूला कलतो. एका डिसेंबरात आमच्या शेजारच्या गुऱ्हाळावर दोन आठवडे असाच कललेला धूर एके संध्याकाळी सरळ वर जाऊन पन्हाळ्याच्या दिशेने वाकू लागला, त्या रात्री चादर नकोशी झाली, पहाटे दव पडले नाही आणि चंद्राभोवती खळे दिसले. गुळव्याने कोणी न सांगता चिपाडाच्या गंजीवर ताडपत्री ओढली. दक्षिणेकडून ओल येत होती, वरच्या थरात बर्फकणांचे पातळ ढग आले होते आणि ढगांच्या पांघरुणाने रात्रीची उष्णता अडवली होती. यातले एकटे चिन्ह पुष्कळदा वाया जाते, खळे तर पाऊस न पडताही पडते. परंतु ही सारी चिन्हे एकत्र आली आणि अंदाजातही ‘तुरळक’ आले असेल, तर मी त्या अंदाजाला नेहमीपेक्षा जास्त वजन देतो.

हिशेब करताना

फेब्रुवारीअखेर वहीचा हिशेब करावा, आणि इथेच मोठी चूक होते. ‘शंभर दिवसांपैकी पंच्याण्णव दिवस अंदाज बरोबर’ या वाक्याला जवळजवळ काही अर्थ नाही. १८८४ मध्ये अमेरिकेत जॉन फिनले यांनी टोर्नेडोचे, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या विध्वंसक वावटळीचे, २८०३ अंदाज दिले आणि ९६.६ टक्के बरोबर आल्याचे दाखवले. लगेच दाखवून देण्यात आले की रोज ‘टोर्नेडो येणार नाही’ एवढेच म्हटले असते तर ९८.२ टक्के बरोबर आले असते. त्यांनी १०० वेळा टोर्नेडो सांगितला, त्यांपैकी २८ वेळा तो आला. न सांगता आलेले २३ होते. आपल्या जानेवारीचेही असेच आहे : रोज ‘कोरडे’ म्हणणारा माणूस जवळजवळ नेहमी बरोबर ठरतो, आणि ज्या एका दिवशी त्याची गरज असते त्याच दिवशी तो निरुपयोगी असतो.

म्हणून इशाराही नव्हता आणि पाऊसही नव्हता असे कोरडे दिवस बाजूला ठेवून तीनच आकडे काढावेत : इशारा होता आणि पाऊस आला, इशारा होता पण आला नाही, इशारा नव्हता आणि आला. समजा, हंगामात दहा दिवस इशारा होता, त्यांतले चार दिवस पाऊस झाला, आणि दोन दिवस इशाऱ्याविना झाला. पावसाच्या सहा दिवसांपैकी चार पकडले गेले, हे चांगले. दहा इशाऱ्यांपैकी सहा फोल गेले, हेही तितकेच खरे. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहावेत, एकाने दुसऱ्याला झाकू नये. आजच्यासाठीचे आणि परवासाठीचे आकडे वेगळे काढले की अंदाज किती दिवस आधीपर्यंत भरवशाचा आहे ते स्वतःच्या गावापुरते दिसते. एका हंगामात पावसाचे दिवसच मोजके असतात, त्यामुळे निदान तीन हंगाम वही चालू ठेवल्याखेरीज कोणालाही चांगले-वाईट ठरवू नये.

शेवटच्या काही तासांत रडारचे चित्र कामी येते, पण तेही समजून पाहावे. गोव्याचे डॉपलर रडार कोल्हापूरपासून सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर आहे. जमीन गोल असल्याने आणि झोत थोडा वर रोखलेला असल्याने आपल्या डोक्यावर येईपर्यंत तो दोन किलोमीटरहून उंच गेलेला असतो, मध्ये सह्याद्री आहेच. उंच वाढलेला गडगडाटी ढग त्याला दिसतो, खालच्या ढगातली हलकी रिपरिप सुटू शकते. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावे, आणि तोडणीच्या टोळीच्या मुकादमाच्या फोनमध्ये तर नक्कीच.

वहीतले आकडे हाताशी आले की कोणत्या इशाऱ्यावर काय करायचे हे कामागणिक ठरवावे. चिपाडावर ताडपत्री ओढायला दोन माणसांचा अर्धा तास जातो आणि न ओढल्यास तीन-चार दिवस गुऱ्हाळ बंद पडू शकते, म्हणून दहांतले सहा इशारे फोल गेले तरी हे काम प्रत्येक पिवळ्या इशाऱ्याला करणे परवडते. तोडणी थांबवून टोळी बसवून ठेवणे महाग आहे. त्यासाठी परवाच्या अंदाजावर जाऊ नये, आदल्या संध्याकाळचा अंदाज, धुराची दिशा आणि सकाळचे रडार पाहूनच ठरवावे, आणि त्या दिवशी रस्त्याकडेचे, मुरमाच्या वाटेचे फड आधी तोडायला घ्यावेत. खोप्यांभोवती चर मारण्याचे काम मात्र इशाऱ्याची वाट न पाहता टोळी उतरते त्याच दिवशी करावे.