सिमवर चालणाऱ्या अलार्ममध्ये नियंत्रण-कोड भरण्यापूर्वीची तयारी

दुकानातल्या किंवा गोदामातल्या अलार्म पॅनलला सिम कार्डावर चालणारे मॉड्यूल जोडले, की मालकाला कुठूनही एका एसएमएसने पॅनल चालू किंवा बंद करता येते. अशा एसएमएसमधून आज्ञा देताना लागणारे गुप्त आकडे, म्हणजे नियंत्रण-कोड, मॉड्यूलमध्ये भरायला फार वेळ लागत नाही. वेळ द्यावा लागतो तो कोणाच्या हाती कोणता अधिकार द्यायचा हे ठरवण्याला, आणि ते काम वायरमन पॅनल उघडून उभा असताना घाईने उरकण्याजोगे मुळीच नाही.

आधी सिम पाहावे. मॉड्यूल फक्त २जी असेल, तर त्यात जिओचे सिम चालणार नाही, कारण त्या कंपनीकडे २जी सेवाच नाही. सिम साध्या फोनमध्ये घालून त्याचा पिन-लॉक काढावा, साठलेले जुने संदेश पुसावेत आणि एक एसएमएस पाठवून व एक मागवून पाहावा. प्रीपेड सिमवर सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही, तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार कंपनी ते बंद करू शकते. चोरी होत नाही तोवर अलार्मचे सिम गप्पच असते, म्हणून मॉड्यूल ठरावीक काळाने चाचणी-संदेश पाठवील अशी सोय करावी आणि रिचार्जची तारीख मालकाच्या फोनमध्ये नोंदवावी. यंत्रांसाठीचे १३ अंकी क्रमांकाचे सिम घेतले असेल, तर त्यावरचे कॉल व एसएमएस आधी ठरवून दिलेल्या क्रमांकांपुरतेच चालतात. ते क्रमांक कंपनीकडे नोंदले गेल्याची खात्री करूनच पुढे जावे.

त्यानंतर वहीचे एक पान घेऊन प्रत्येक माणसासमोर त्याचा मोबाईल क्रमांक, मॉड्यूलमधला त्याचा वापरकर्ता-क्रमांक आणि त्याचे अधिकार लिहावेत. गुप्त कोड मात्र या पानावर लिहू नयेत. संध्याकाळी दुकान बंद करणाऱ्या नोकराला पॅनल चालू करण्याचा अधिकार पुरेसा असतो. दुरून पॅनल बंद करण्याचा अधिकार मालक आणि घरातली एक जबाबदार व्यक्ती, यांच्यापलीकडे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. सर्वांना एकच कोड देण्याची पद्धत सोयीची वाटते, पण मग रात्री पॅनल कोणी बंद केले हे नोंदीवरून कधीच कळत नाही आणि एक माणूस काम सोडून गेला की सगळ्यांचे कोड बदलावे लागतात. कारखान्यातून आलेला मूळ कोड माहितीपुस्तिकेत छापलेला असतो, म्हणून तो त्याच दिवशी बदलावा. इंस्टॉलरचा कोडही काम संपताच बदलून घ्यावा. चार अंकी कोडाच्या १०,००० शक्यता असतात, सहा अंकी कोडाच्या १० लाख. मॉड्यूल परवानगी देत असेल तर सहा अंकच घ्यावेत आणि जन्मसाल किंवा दुकानाच्या फोनचे शेवटचे आकडे टाळावेत. केवळ येणारा क्रमांक ओळखून आज्ञा पाळणारी रचना पुरेशी मानू नये, कारण क्रमांक खोटा दाखवता येतो. क्रमांक आणि कोड दोन्ही तपासले जातील अशी मांडणी निवडावी.

आज्ञेचा एसएमएस नेमका कसा लिहायचा, म्हणजे मोकळी जागा, चांदणी (*), हॅश (#) आणि लहान-मोठी रोमन अक्षरे कुठे येतात, हे पुस्तिकेतून अक्षरशः उतरवून घ्यावे. मराठी कळफलक सुरू असलेल्या फोनवरून देवनागरी आकडे गेले, तर मॉड्यूलला आज्ञा कळत नाही. इंग्रजी आकड्यांतला (1, 2, 3) नमुना प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच जपून ठेवावा, मात्र कोडाची जागा रिकामी सोडावी.

सर्वांत जास्त घोटाळा मॉड्यूलचा रिले (आज्ञा आल्यावर संपर्क जोडणारा विजेचा स्विच) आणि पॅनलचे की-स्विच इनपुट (बाहेरच्या स्विचने पॅनल चालू-बंद करण्याची जोडणी) यांच्या जुळणीत होतो. पॅनलला क्षणभराचा पल्स हवा की सतत जोडलेला संपर्क, हे आधी पाहावे. पल्सवर चालणारे पॅनल दर वेळी फक्त आपली स्थिती उलटवते, त्यामुळे आधीच चालू असलेल्या पॅनलला ‘चालू’चा संदेश गेला तर ते बंद होते. यासाठी पॅनलच्या स्थितीची एक वायर मॉड्यूलच्या इनपुटला परत आणावी आणि उत्तराच्या एसएमएसमध्ये खरी स्थिती येते का, ते पाहावे.

हातातले रिमोटही पॅनलला ओळखायला शिकवायचे असतील, तर प्रत्येकाचा स्लॉट-क्रमांक (तो ज्या जागी नोंदला जातो तिचा क्रमांक) वहीच्या त्याच पानावर लिहावा, म्हणजे हरवलेला एकच रिमोट पुसता येतो. ठरलेलाच कोड पाठवणाऱ्या रिमोटचा सिग्नल दुसऱ्याला टिपून पुन्हा पाठवता येतो. निवड हाती असेल तर दर वेळी कोड बदलणारा रिमोट घ्यावा.

सिग्नलची ताकद शटर पूर्ण खाली ओढून मोजावी, कारण उघड्या दुकानातला आकडा रात्री टिकत नाही. २जीवर संदेश पाठवताना मॉड्यूल क्षणिक २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकते, तेव्हा १२ व्होल्टची बॅटरी जुनी असेल तर आधी बदलावी. कामाच्या दिवशी सध्याची सेटिंग्ज उतरवून घ्यावीत, देखरेख केंद्र असल्यास त्याला आणि शेजारच्या दुकानांना कळवावे, सायरनची वायर सोडवावी आणि एक माणूस पॅनलपाशी, दुसरा दुकानाबाहेर फोन घेऊन, अशी नेमणूक करावी. प्रत्येक कोड भरल्यावर लगेच त्याची आज्ञा बाहेरून पाठवून पाहावी, चुकीचा कोड आणि यादीत नसलेला क्रमांक नाकारला जातो याचीही चाचणी घ्यावी, आणि शेवटी सायरनची वायर परत जोडून तो एकदा वाजवून पाहिल्यावरच पॅनलचे झाकण लावावे.