‘ऑन अ रोल’ हा इंग्रजी वाक्प्रचार नेमका कसा वापरावा

२०२३ च्या एकदिवसीय क्रिकेट विश्वचषकात भारतीय संघाने साखळी फेरीतील नऊ आणि उपांत्य फेरीचा एक असे सलग दहा सामने जिंकले, तेव्हा ‘इंडिया इज ऑन अ रोल’ असे म्हणणे चपखल होते. १९ नोव्हेंबरला अहमदाबादेत ऑस्ट्रेलियाने अंतिम सामना जिंकताच मात्र त्या वाक्यातील ‘इज’च्या जागी ‘वॉज’ येणे भाग पडले. एखादे सुटे यश, मग ते कितीही मोठे असो, या वाक्प्रचाराला पुरत नाही. एकामागून एक यश मिळत असावे आणि ज्या काळाविषयी आपण बोलत आहोत, त्या काळात ती घोडदौड चालू असावी.

याचे मूळ पुष्कळदा क्रॅप्स या अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या फाशांच्या जुगारात शोधले जाते. त्यात एकदा लक्ष्याचा आकडा ठरला की तो आकडा किंवा सातचे दान पडेपर्यंत फासे टाकत, म्हणजे इंग्रजीत ‘रोल’ करत, राहायचे असतात. आकडा आधी पडला तर फासे त्याच खेळाडूच्या हाती राहतात, सात आधी पडले तर ते पुढच्याकडे जातात.

वाक्यरचनेत खरी अडचण मधल्या ‘अ’ची आहे. मराठीत उपपद नसल्यामुळे तो आपल्याकडून सहज गळतो आणि मग भलताच अर्थ निघतो, कारण भारतीय कंपन्यांत ‘ऑन रोल’ म्हणजे कंत्राटदारामार्फत न आलेला, थेट कंपनीच्या वेतनपटावरचा कर्मचारी. एका महिन्यात तीन मोठी कंत्राटे मिळवणाऱ्या सहकारी स्त्रीविषयी ‘शी इज ऑन रोल’ असे म्हटल्यास ऐकणारा तिच्या नेमणुकीचा प्रकार सांगितला असे समजेल. बोलताना हा ‘अ’ ओझरता उच्चारावा, त्याचा ‘ए’ करू नये, आणि जोर ‘रोल’वर द्यावा.

यश मोठेच असावे अशी अट नाही. स्वाध्यायातील चार-पाच गणिते पाठोपाठ सुटली असताना कोणी जेवायला हाक मारली, तर ‘वेट, आय अ‍ॅम ऑन अ रोल’ हे स्वाभाविक उत्तर आहे. चुकांमागून चुका करणाऱ्याला उपरोधानेही तसे म्हणतात, पण नवशिक्याने तो मोह आवरावा. ओळखीच्या सहकाऱ्याला पाठवायच्या ईमेलमध्ये हा प्रयोग खपून जातो. नोकरीच्या अर्जात तो सैल वाटतो.

सरावासाठी वर्तमानपत्राचे क्रीडापान घ्यावे आणि ‘सलग’ हा शब्द असलेली वाक्ये इंग्रजीत मांडून पाहावीत. विराट कोहलीने २०१६ च्या आयपीएलमध्ये चार शतकांसह ९७३ धावा केल्या. हे वाक्य आज लिहिताना क्रियापद कोणत्या काळात येईल, ते आधी ठरवावे.